नाव ठेवायला हवं

एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एका सभासदाने विचारलं, "लिफ्टसाठी जमवलेल्या पैशांचा हिशेब कुठे आहे?" पदाधिकारी उसळून म्हणाले, "मागच्या कमिटीने पाण्याच्या टाकीत घोळ घातला, तेव्हा तुम्ही कुठे होता?" पुढचा तासभर टाकीवर भांडण झालं. मग चहा आला आणि सभा संपली. मी तिथे होतो. काहीतरी लबाडी झाली हे सगळ्यांना जाणवत होतं. पण ती एका शब्दात पकडून सभेपुढे ठेवणं कुणालाच जमलं नाही.

बगल देणं, फाटे फोडणं, हूल देणं असे वाक्प्रचार मराठीत आहेत. प्रश्न टळला एवढं ते सांगतात. तो कोणत्या युक्तीने टळला, हे सांगत नाहीत.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, वादात हार ठरवणारी २२ निग्रहस्थानं आहेत. चालू विषय सोडून भलतंच बोलणं हे 'अर्थांतर'. कामाचं निमित्त काढून चर्चा मोडणं हा 'विक्षेप'. आणि स्वतःवरचा दोष न खोडता तोच समोरच्यावर उलटवणं ही 'मतानुज्ञा'. या नावातच निकाल आहे. अनुज्ञा म्हणजे मान्यता. 'तूही चोर' म्हणणाऱ्याने आपली चोरी कबूल केलेली असते. इतकी अचूक नावं पंडितांच्या सभेतच राहिली, चावडीवर उतरली नाहीत.

दुसरीकडे मात्र असं नाव लोकांत उतरलं. उत्तर आयर्लंड हिंसाचारात होरपळत असताना, १९७४ साली, आयरिश वृत्तपत्रीय लेखनात 'व्हॉटअबाउटरी' हा शब्द आला. एका बाजूच्या हत्येबद्दल विचारलं की 'मग त्यांनी केलं त्याचं काय?' हे ठरलेलं उत्तर मिळे. त्या उत्तरातल्या 'व्हॉट अबाउट'लाच शेपूट जोडून कुणीतरी नाव केलं. शब्द खेळकर होता आणि विषय माणसं मरण्याचा. खेळकर होता म्हणूनच तो तोंडी बसला आणि पुढे जगभर गेला.

मराठीला हा खेळ चांगला येतो. 'दादा'ला 'गिरी' जोडून आपण एक अख्खी वृत्ती पकडली. मग "तेव्हा कुठे होता?" या पालुपदाला 'तेव्हाकुठेगिरी' का म्हणू नये? ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न येण्याआधी सत्कारांतच वेळ संपवतात, ती 'शालझाक'. टिटवी अंड्यांपासून दूर जाऊन कल्ला करते, म्हणजे शत्रू तिकडे वळतो. भलत्याच मुद्द्यावर गदारोळ उठवून मूळ मुद्दा लपवणं ही 'टिटवेगिरी'. टिटवीला पिलं वाचवायची असतात. हिशेब लपवणाऱ्याला तेवढंही कारण नसतं.

अशा शब्दांचा एक धोका मी मानतो. उद्या रास्त तुलना करणाऱ्यालाही 'तेव्हाकुठेगिरी' म्हणून गप्प बसवलं जाईल. एकाच नियमाने दोघांना तोललं जात नसेल, तर तसं विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणून कसोटी साधी ठेवावी: आधी उत्तर, मग प्रतिप्रश्न. ज्याने उत्तर दिलं, त्याने खुशाल तुलना करावी. ज्याने दिलंच नाही, त्याच्या युक्तीला नाव मिळालंच पाहिजे. ते नाव युक्तीचं असावं. माणसाचं, जातीचं किंवा गावाचं नव्हे.

आपण माणसांना नावं ठेवण्यात तरबेज आहोत. त्यांच्या युक्त्यांना नाव ठेवायचं मात्र राहून जातं. हे काम भाषा संचालनालयावर सोपवून भागणार नाही. ते सभेत, वर्गात, घरच्या जेवणाच्या पंगतीत व्हायला हवं. शब्द घडवा, मुलांना घडवू द्या. आणि भर सभेत तो उच्चारल्यावर हशा पिकला, तर तो ओसरताच मूळ प्रश्न पुन्हा विचारा: लिफ्टचा हिशेब कुठे आहे?