हाडं कोणाची?



मागच्या महिन्यात आपल्या इंदूरच्या एका काकांनी देहदानाचा फॉर्म आणला. निवृत्त गणित शिक्षक, अगदी हाडाचे शिक्षक. गुरुवारच्या उपासनेनंतर त्यांनी हसत हसत सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी धन्य धन्य म्हटलं. काकू मात्र उठून आत चहा बघायला गेल्या. त्यांनाही ही गोष्ट तेव्हाच, आमच्याबरोबर कळली होती. (दोघांना विचारूनच हे लिहीत आहोत.)

नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "मग ओंकारेश्वरला नर्मदेत मी काय सोडू?"

आम्हाला आधी वाटलं, हा मोह आहे. देह आपला नाही हे आपण रोज ऐकतो, मग हाडांचं काय घेऊन बसायचं? पण हाड म्हणजे काय ते जरा नीट वाचलं आणि आमचा आवाज खाली आला.

आपण हाड म्हणजे सुकं लाकूड समजतो. जिवंत माणसात ते तसं नसतं. काही पेशी जुनं हाड खरवडत असतात, दुसऱ्या नवं भरत असतात. साधारण 10 वर्षांत सांगाडा बहुतेक नवा होतो. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्तात कमी पडलं की डब्यातून काढावं तसं तिथून काढलं जातं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांतूनही ते जातं, आणि दूध तोडल्यावर हळूहळू बहुतेक भरून येतं. म्हणजे मुलांसाठी हाडाची काडं केली हे नुसतं बोलणं नाही. आणि काकांची हाडं? संसाराला 46 वर्षं झाली. एवढ्या काळात सांगाडा चारदा तरी नवा झाला असेल, आणि तो काकूंच्या हातच्या दूध-दही-भाजीतून. मग दाता एकटे काका कसे?

देहदान म्हटलं की दधीची ऋषींचं नाव येतंच. देवांनी मागितली, त्यांनी हाडं दिली, वज्र झालं, वृत्र मेला. इथवर आपण सांगतो. शिवपुराणात पुढेही आहे. त्यांची पत्नी सुवर्चा परत आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिने देवांना शाप दिला. हा भाग कीर्तनात आम्ही तरी फारसा ऐकला नाही.

म्हणून देहदान नको असं आम्ही म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी शरीर शिकायचं कशावर? एके काळी आपल्या देशातून माणसांचे सांगाडे परदेशी विकले जात. 1985 मध्ये सरकारने बंदी घातली. त्या माणसांनी आपण होऊन काही दिलं नव्हतं. काका आपण होऊन देताहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त विचारायचं राहिलं. आणि शेवटी देह सोपवायचा तो घरच्यांनीच. ज्या हातांनी सोपवायचा त्या हातांना आधी विचारायला नको?

हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. फॉर्म आता देवघराच्या खणात आहे, घरच्यांच्या सहीची जागा रिकामी.

परवा काकूंची भाची आली होती, ती मेडिकलला आहे. काकूंनी विचारलं, "तिथे निदान नमस्कार तरी करतात का गं?"

"पहिल्या दिवशी शपथ घेतो मावशी. देहाचा मान राखू म्हणून. फुलंही वाहतो."

काकू "बरं" म्हणाल्या आणि भाजी निवडत बसल्या.