नांव कोणीं ठेवावें?

‘नांवांत काय आहे?’ हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या समंजसपणानें विचारला जातो. औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरांत, क्रांती चौकीं उभें राहून मात्र तो विचारूं नये. तेथील काळा चबुतरा १८५७ सालच्या ज्या शिपायांची आठवण देतो, ते इंग्रजांच्या दप्तरीं बंडखोर होते. चौकानें त्यांस क्रांतिकारक ठरविलें. हें शहर १६१० मध्यें ‘खडकी’ या नांवानें वसविलें तें मलिक अंबर या हबशानें. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला. ‘अंबर’ हें नांवहि धन्यानें दिलेलें!

१९६६ सालीं अमेरिकेंतील ओकलंड येथें कृष्णवर्णीयांचा ‘ब्लॅक पँथर’ पक्ष निघाला, आणि १९७२ त नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदि तरुणांनीं मुंबईस ‘दलित पँथर’ स्थापिली. स्वयंनिर्णयाची भाषा बोलणारांनीं नांव परक्याचें कां घ्यावें, असा आक्षेप सहज सुचतो. पण तें परकें होतें काय? जोतीरावांनीं १८७३ तच आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंत दास्यविमोचनासाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केली होती. १९४६ त डॉ. आंबेडकरांनीं कृष्णवर्णीयांचे विचारवंत दु बॉईस यांस पत्र लिहिलें होतें. उलट, शेजारच्या आळीनें दिलेलीं नांवें घेण्याजोगीं नव्हतीं, एवढें आमचे वाचक मान्य करतील. शिवाय ‘दलित’ हें कर्मणि धातुसाधित. इतरांनीं काय केलें तें त्यांत आलें. आपण काय करणार, तें पुढच्या शब्दांत आहे.

खरी अडचण मराठवाड्यांत दिसली. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें येथील विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि गांवोगांव दलितांचीं घरें जळालीं. विरोधकांचें म्हणणें असें कीं, १९४८ त निजामाच्या सत्तेंतून सुटलेल्या प्रदेशाचें नांव हीच आमची अस्मिता. हें म्हणणें पोकळ नाहीं. तोहि स्वयंनिर्णयाचाच हक्क. परंतु ज्यांचीं घरें जळालीं ते कोठले होते? त्यांस वगळून उच्चारलेला ‘आम्ही’ आम्हांस तरी मान्य नाहीं. मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ १९५८ त मिळालें. त्यापूर्वीं आठ वर्षें, १९५० त, बाबासाहेबांनीं येथें मिलिंद महाविद्यालय काढलें होतें.

पुढें १४ जानेवारी १९९४ रोजीं तोडगा निघाला. ‘मराठवाडा’ राहिला, त्याच्या आधीं बाबासाहेबांचें नांव आलें. सरकारनें यास ‘नामविस्तार’ म्हटलें. लढ्याचें नांव लोकांनीं मात्र ‘नामांतर’च ठेवलें आहे.