पंगतीबाहेरचा शेजारी

परधर्मीयांच्या वर्तनाची चिकित्सा करताना आपली वाणी जितकी प्रखर होते, तितकी ती स्वतःच्या आचरणाची झडती घेताना होत नाही. ख्रिस्ती मिशनांच्या लोकसेवेसंबंधी आपल्याकडे जे बोलले जाते, त्याचीही हीच गत आहे. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने उघडले, परंतु त्यामागे बाप्तिस्म्याचा हेतू होता, एवढे म्हटले की आपला विचार संपतो. आक्षेप सर्वस्वी खोटा आहे असे नाही. मात्र ज्या सेवेच्या पोटी काही प्राप्तीची इच्छा आहे तिला सेवा म्हणावे काय, हा प्रश्न एकट्या मिशनला विचारून भागणार नाही. तो प्रत्येक उपासनास्थानाला विचारावा लागेल, आणि त्यात आपले देऊळही आले.

हा प्रश्न ख्रिस्ती समाजात आतूनच उपस्थित झाला होता, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना आपण कवी म्हणून ओळखतो. दापोली तालुक्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे काम केले. चर्च शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाते खरे, पण त्याची भाषा, त्याचे सूर आणि त्याची रीत परकी असते, हे त्यांना जाचत होते. म्हणून त्यांनी उपासनेत अभंग आणले, कीर्तन आणले. तरीही एक सल उरलाच. उपदेशक मिशनचा वेतनभोगी असेल, तर ऐकणाऱ्याला त्याच्या प्रेमाची खात्री कशी पटावी? अखेर १९१७ मध्ये त्यांनी ते पगारी काम सोडले, साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांनाही स्थान दिले. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. दरबाराला बहरण्यास अवधी मिळाला नाही. पण समोरचा मनुष्य आपल्यात आला नाही तरी आपले प्रेम टिकेल काय, ही कसोटी त्यांनी आपल्याच मंडळीपुढे ठेवली.

पुढे कॅथलिक चर्चलाही याच वाटेने विचार करावा लागला. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये भरलेल्या धर्मसभेने, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आपण नाकारीत नाही, असे जाहीर केले आणि परधर्मीयांशी संवाद व सहकार्य करण्यास आपल्या लोकांना सांगितले. लॅटिनमधील उपासना लोकभाषांत येऊ लागली ती याच सभेनंतर. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ सालचा. तेथील कोंकणी बोलणाऱ्या कुटुंबांना घरच्या भाषेत सामुदायिक प्रार्थना ऐकताना काय वाटले असेल, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगावयास नको.

आता आपल्याकडे वळू. अन्नदानाची आपली परंपरा थोर आहे, यात संशय नाही. उत्सवात पंगती उठतात, महाप्रसाद होतो, कोणी विन्मुख जात नाही असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ती पंगत देवळात येणाऱ्यांची असते. ज्याला येता आले नाही, किंवा येऊ दिले गेले नाही, त्याचे काय? डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून महात्माजींनी अस्पृश्यतेचा प्रश्न मांडला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीस प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तेथे डॉ. आंबेडकर बोलले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावावे लागले. ज्या काळात मिरजेच्या मिशन रुग्णालयात रोग्याची शुश्रूषा होत होती (ते १८९४ सालचे), त्या काळात आपली कित्येक दारे आपल्याच माणसांना बंद होती. हेतूविषयी बोलण्यापूर्वी एवढे स्मरण ठेवणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.

दार उघडले म्हणजे कर्तव्य संपते, असेही नाही. याचा धडा मला निपाणीकडील एका देवळात मिळाला. काही वर्षांपूर्वी उत्सवाच्या शिलकीतून विडी कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढावा, अशी सूचना समितीत आली. “यातून आपल्या देवळाकडे माणसे येतील ना?” असे विचारणारा सभासद मीच होतो. मिशनला आपण जो दोष देतो, तोच माझ्या तोंडून बोलत होता. मात्र तेव्हा ते माझ्या ध्यानी आले नाही. वर्ग सभामंडपात, आरतीपूर्वी ठेवला. दोन आठवड्यांत मुलांची संख्या तीनवर आली. आम्ही त्यांच्या अनास्थेची चर्चा केली. शेवटी कोणीतरी त्या गल्लीत जाऊन विचारले, तेव्हा मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेल्या एका बाईने सांगितले, “सांजच्याला हजाराचा हिशोब पुरा करायचा असतोय. पोरं देवळात बसली तर हाताखाली कोण? शिकवायचंच असंल तर तुमीच या की गल्लीत, रात्री जेवणं झाल्यावर.”

वर्ग गल्लीत गेला, आणि तो चालला. मराठी शाळेतील मुलांशेजारी कन्नड शाळेतील मुले बसली. त्यांतील कोणी त्यामुळे देवळात येऊ लागले की नाही, हे आम्ही मोजले नाही. ते न मोजणे मला सुरुवातीस जड गेले, हे कबूल करतो.

यावर कोणी म्हणेल की, अशाने देवळाचे देवळपण काय राहिले? सेवासंघ आणि मंदिर यांत भेद तो कोणता? आक्षेप विचारार्ह आहे. समाज भक्तीने एकत्र येतो. ती भक्ती क्षीण झाली तर सेवेचाही झरा आटेल. म्हणून पूजा, कीर्तन, उत्सव यांत उणे पडू नये. परंतु फळाची आशा धरू नये असे गीता नित्य वाचणाऱ्यांनी, शेजाऱ्याला दिलेल्या वहीच्या मोबदल्यात त्याची हजेरी मागावी, हे त्या भक्तीस शोभत नाही. देणाऱ्याचे नाव पायरीच्या दगडावर कोरण्याची आपली हौसही याच जातीची.

टिळकांची कसोटी ख्रिस्ती मंडळीसाठी होती, पण ती आपल्यालाही लागू पडते. पुढील उत्सवाचा जमाखर्च मांडण्यापूर्वी समितीतील दोघांनी तरी देवळामागच्या गल्लीत जाऊन, काय हवे आहे, हे विचारून यावे. आणि विचारताना वर्गणीचे पावतीपुस्तक घरीच ठेवावे.