दोरी कोणाच्या हातात?

काम बिघडले की आपण चटकन म्हणतो, "माणसेच चांगली मिळत नाहीत." कारखान्याचा व्यवस्थापक असो, मुख्याध्यापक असो, की मंडळीच्या कमिटीचा चेअरमन असो, हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. पण ते खरे आहे काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी, तंटे व सदोष माल यांबद्दल तो कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली जपानच्या टोयोटा कंपनीने जनरल मोटर्सशी भागी करून तो पुन्हा चालू केला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. तरी थोड्याच काळात तेथील मोटारी उत्तम म्हणून नावाजल्या. मग बदलले काय?

पूर्वी चूक दिसली तरी काम थांबवायचे नाही, असा दंडक होता. आता कामगाराच्या हाताशी एक दोरी आली. अडचण दिसताच त्याने ती ओढावी. मुकादम धावत येई, तो रागावण्यासाठी नव्हे, तर मदतीसाठी. अडचण न सुटल्यास सारे काम थांबे. पुढे मागणी घटली, तेव्हाही कामगारांना घरी न बसवता शिक्षण देण्यात आले. हा कारखाना २०१० साली बंद झाला. त्याचा धडा मात्र उरला आहे.

"आधी लायकी दाखव, मग विश्वास टाकतो," असे आपण म्हणतो. पण ज्याच्यावर कधी विश्वासच टाकला नाही, त्याने लायकी दाखवावी कोठे? अर्थात, विश्वास टाकणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. दोरी दिली, पण ओढल्यावर कोणी आलेच नाही, तर तो अधिकार नसून निव्वळ ओझे होय. इथ्रोने मोशेला दिलेला सल्ला आपण जाणतो: लहान वाद इतरांना सोडवू दे. परंतु आधी त्यांना शिकव, आणि अवघड वाद तुझ्याकडे येऊ दे, हेही त्या सल्ल्यात होते.

शब्बाथ शाळेत आपण तरुण शिक्षकाला वर्ग देतो. पण गीत आपण निवडतो, गोष्ट आपण ठरवतो, आणि पुन्हा तक्रार करतो की तरुण जबाबदारी घेत नाहीत! येत्या रविवारी त्याला एवढेच विचारू या, "तुम्हाला कोठे अडते?" आणि उत्तर आपल्याच चुकीकडे बोट दाखवणारे असले, तरी ते शेवटपर्यंत ऐकू या.