चित्रं नसलेला इंग्रजीचा वर्ग

कॅनडात कायमचं राहायला आलेल्या माणसाला तिथलं सरकार फुकट इंग्रजी शिकवतं. ‘लिंक’ नावाची ही योजना 1992 पासून चालू आहे आणि ती उदारच म्हणायला हवी. पण अगदी सुरुवातीच्या वर्गात डोकावलं तर भिंतीवर तक्ते आणि बाईंच्या हातात चित्रांची कार्डं दिसतात. बाई सफरचंद दाखवतात, वर्ग ‘ॲपल’ म्हणतो. विद्यार्थ्यांची मातृभाषा बाईंना येत नाही, विद्यार्थ्यांना एकमेकांची येत नाही. तेव्हा चित्र हाच दुभाष्या. त्या वर्गात सिरियाहून आलेला एखादा अंध माणूस बसला असेल, तर त्याच्यापुरता हा दुभाष्या मुका आहे.

आधी इंग्रजी, मग संगणक, मग नोकरी असा क्रम कागदावर शहाणपणाचा वाटतो आणि डोळसांच्या बाबतीत तो खपूनही जातो. अंध माणसाला मात्र इंग्रजी मजकूर भेटतो तो बहुतेक संगणकातून. पडद्यावरचं स्क्रीन रीडर वाचणार, तो ऐकणार. आणि स्क्रीन रीडर काय म्हणतोय हे कळायला आधी इंग्रजी हवी! हा तिढा तीन खिडक्यांवर तीन रांगा लावून सुटत नाही. भाषा, संगणक आणि नोकरीचा शोध एकाच टेबलाशी, एकाच वेळी शिकवावा लागतो, असं माझं मत आहे.

ते कसं, हे पहिल्याच धड्यात दिसतं. माउस बाजूला सारायचा. एच दाबला की पानावरचं पुढचं शीर्षक, टॅब दाबला की पुढची लिंक किंवा बटण, इन्सर्ट आणि एफ-सात दाबलं की लिंकांची यादी. शहाणा शिक्षक या कळा शिकवताना स्क्रीन रीडर अरबीत बोलता ठेवतो आणि इंग्रजी मजकूर तेवढा इंग्रजी आवाजात ऐकवतो. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरमध्ये हे जमतं. मुरलेला वापरकर्ता हा आवाज इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला नुसती किरकिर वाटते. नवख्याला तो वेग कमीत कमी ठेवावा लागतो आणि तरीही निम्मे शब्द निसटतात.

शिवाय कानाने शिकलेल्या भाषेला स्पेलिंग नसतं. ‘देअर’ हा उच्चार एकच, पण ‘तिथे’ आणि ‘त्यांचं’ यांची स्पेलिंगं निराळी. बोलताना ही चूक कुणाला कळत नाही, अर्जासोबतच्या पत्रात मात्र ती पहिल्या ओळीत दिसते. म्हणून संगणक आला तरी ब्रेल सुटत नाही. इथे नव्याने आलेल्यांची पुंजी आपल्याला वाटते त्याहून मोठी असते. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण अरबी ब्रेल डावीकडून उजवीकडेच वाचतात. बोटांना दिशा बदलावी लागत नाही. आपल्या भारती ब्रेलमध्ये क, म, प यांचे ठिपके इंग्रजी के, एम, पी यांचेच आहेत. अडचण येते ती इंग्रजीच्या संक्षिप्त ब्रेलमध्ये. तिथे सुटा के म्हणजे ‘नॉलेज’ आणि सुटा पी म्हणजे ‘पीपल’. चाळिशीत हे सगळं नव्याने घोकायचं, वर घरभाड्याची चिंता.

साधनांचा प्रश्न त्यामानाने सुटण्याजोगा आहे. जॉज हा जुना, भक्कम स्क्रीन रीडर महाग पडतो. एनव्हीडीए 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केला आणि तो फुकट आहे.

खरी ठेच अर्जाशी लागते. नोकरीच्या संकेतस्थळावर टॅब दाबत गेलं की ऐकू येतं: ‘बटण. बटण. लेबल नसलेलं चित्र.’ यातलं कुठलं बटण अर्ज पाठवणारं आणि कुठलं रद्द करणारं? तारीख फक्त माउसने निवडता येते, बायोडेटा ओढून चौकटीत टाकायचा असतो. इथे प्रशिक्षणार्थी चुकलेला नाही, पण अर्धवट राहिलेला अर्ज त्याच्याच खाती जमा होतो. टोरांटोच्या डोना जोधन या अंध बाईंनी हे ऐकून घेतलं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी त्याच सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करता येत नाही, म्हणून त्या कोर्टात गेल्या. 2010 मध्ये संघीय न्यायालयाने हा समानतेच्या हक्काचा भंग ठरवला आणि 2012 मध्ये अपिलातही तो निकाल मुख्यतः टिकला. अडथळामुक्त कॅनडासाठी 2019 मध्ये कायदा झाला. त्याने मुदत घातली आहे 2040 ची. आज चाळिशीत असलेल्या उमेदवाराने त्या वर्षी निवृत्तीचा अर्ज तरी सुखाने भरावा, एवढीच ही सोय.

त्यात ‘कॅनडातला अनुभव आहे का?’ हा प्रश्न. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्येच अशी अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरवली. तरी मुलाखतीत ती सभ्य शब्दांत डोकावतेच. 2022 च्या पाहणीत 25 ते 64 वयाच्या अपंग कॅनेडियनांपैकी 62 टक्के कामावर होते, अपंगत्व नसलेल्यांपैकी 78 टक्के. हे सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाचे एकत्रित आकडे झाले. त्यातल्या अंधांमधून पुन्हा परदेशातून आलेले वेगळे काढले, तर चित्र उजळेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

आपल्याकडे कुणी यावर नाक मुरडू नये. लातूर-नांदेडहून पुण्याला आलेला अंध पदवीधरही शहरात नवखाच असतो. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र त्याच्या खिशात असतं आणि भरतीची जाहिरात मात्र स्कॅन करून, वाकड्या शिक्क्यासकट, पीडीएफ म्हणून चढवलेली. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरं पान. ते पान चढवणाऱ्या कारकुनाला कुणी प्रशिक्षणाला पाठवलं नाही.

म्हणून अशा अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग नकली अर्जांवर घालवू नये. खऱ्या कंपन्यांचे खरे अर्ज भरायला बसवावं आणि जिथे अडेल तिथे ‘तुमच्या अमुक पानावरच्या तमुक बटणाला नाव नाही’ असं रीतसर पत्र त्या कंपनीला लिहायला लावावं. इंग्रजी पत्रलेखनाचा याहून चांगला स्वाध्याय मला तरी सुचत नाही.