कुंभाराचं गाढव

ईश्वर मानणाऱ्याने कपॅसिटर बदलावा का, हा प्रश्न मला माझ्या मेहुण्याने घातला. तो शहापूरला असतो, देवधर्म मानत नाही, आणि जेवण झालं की माझी परीक्षा घेतो. "भावजी, सगळं त्याच्याच इच्छेने होतं ना? मग मीटर घेऊन शोधता काय?" मुरबाड तालुक्यात संस्कृत शिकवत माझी नोकरी संपली. आता पडवीतल्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शेजारी शेजारी असतात. गावातली पोरं बिघडलेली किट्स घेऊन येतात. दिवेलागणीला हात जोडतो आणि मग बोर्ड उघडतो. या दोन गोष्टींचं मला कधी वाकडं दिसलं नाही, पण मेहुण्याला उत्तर द्यायचं तर नीटच द्यायला हवं.

गेल्या सप्ताहातला प्रकार त्यासाठी कामाचा. आयटीआयला जाणाऱ्या एका पोराने मारुतीच्या देवळासाठी टीडीए२००३चा छोटा अ‍ॅम्प्लिफायर केला. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, लोखंडी डबा, तीन पिनांचा प्लग. घरी आवाज स्वच्छ, देवळात लावला की हमिंग. पेटीवाल्या बुवांनी कान देऊन निकाल दिला, "पांढरी पाच, पण जराशी चढी." कान असावा तर असा! आपली वीज ५० हर्ट्झची, आणि पांढरी पाचचा खर्जातला सूर ४९च्या आसपास. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली, तेव्हापासून म्हशाच्या यात्रेपासून कन्याकुमारीपर्यंत विजेची गुरगुर एकाच सुरात असते. देवळातली वडीलधारी मंडळी मात्र म्हणाली, मारुतीला नवा साउंड मानवला नाही.

पोराचं निदान वेगळं होतं. ब्रिजमधून निघालेल्या विजेत १०० हर्ट्झची लहर उरते, कपॅसिटर कमी पडला की ती स्पीकरमध्ये ऐकू येते. शंभर म्हणजे पन्नासचाच वरच्या सप्तकातला सूर, तेव्हा नुसत्या स्वरावरून वाद मिटणार नव्हता. त्याने ट्रॅक्टरची बॅटरी आणून डबा तिच्यावर चालवला. हमिंग गेलं. "बघा गुरुजी, सप्लायच खराब!" मग ४७००चा कपॅसिटर लावला, परत लाइटवर घेतलं, आणि गुरगुर होती तशीच.

कारण असेल तिथे कार्य, नसेल तिथे कार्य नाही, हा अन्वय-व्यतिरेक पोराने लावला होता. फक्त एकच गोष्ट काढली असं समजून त्याने दोन काढल्या. ट्रान्सफॉर्मर गेला, आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेतून डब्याला मिळणारं अर्थिंगही गेलं. न्यायशास्त्रात उपाधी समजावताना हीच अडचण सांगतात: आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, सरपण ओलं असेल तरच. देवळातलं ओलं सरपण शोधायला मी बाहेरच्या सगळ्या वायरी काढल्या आणि इनपुट आखूड तारेने ग्राउंडला जोडलं. आवाज बंद. म्हणजे सप्लाय निर्दोष. माइक लावला, तरी शांत. मोबाइलची वायर लावली आणि पांढरी पाच हजर. त्या मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप चालू होतं आणि बॅटरी दिवसभर टिकावी म्हणून तो चार्जरला लावलेला. घरी तो नुसत्या स्वतःच्या बॅटरीवर असायचा. स्वस्तातल्या दोन पिनी चार्जरमधून झिरपणारा बारीक प्रवाह वायरीच्या शील्डमधून डब्यात, डब्यातून अर्थिंगला जात होता. चार्जर काढला की गप्प, लावला की सुरू.

घडा होण्याआधी कुंभार, चाक, दांडा, माती हे सगळं हजर असतं. मातीचं ओझं वाहणारं गाढवही हजर असतं. शास्त्र त्याला कारण म्हणत नाही, अन्यथासिद्ध म्हणून बाजूला काढतं, कारण माती डोक्यावरून आणली तरी घडा होतोच. पोराचा कपॅसिटर हे ते गाढव.

बरं, चार्जर तरी एकटा दोषी कुठे? कार्य होतं ते सगळी सामग्री जमल्यावर. चार्जर, वायर, डबा, अर्थिंग, यांतलं काहीही काढा, हमिंग जातं. आमच्याकडे कितीतरी जण अर्थिंगची पिनच कापतात. व्यतिरेक अगदी चोख जुळतो, आणि पुढे कधी डब्यात लाइट उतरली तर ओल्या हाताने तो धरणारा माणूस जातो. सामग्रीतलं काय काढायचं हे तर्क सांगत नाही. ते ठरवताना धर्म लागतो, आणि पिन कापणाऱ्याला मी अधर्मीच म्हणतो. आम्ही मोबाइल आधी चार्ज करून ठेवायला लागलो. पुढे मध्ये एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालू.

आता मेहुणा. ईश्वर, त्याचं ज्ञान, इच्छा, कृती, प्रागभाव म्हणजे कार्य होण्याआधीचा त्याचा अभाव, काल, दिशा आणि अदृष्ट म्हणजे पूर्वकर्मांचं न दिसणारं संचित, ही नैयायिकांची आठ साधारण कारणं. ती प्रत्येक कार्याला लागतात. हमिंग असताना ईश्वर होता, नसतानाही होता. त्याला सॉकेटमधून उपसून बघता येत नाही. मग तो कारण आहे हे कशावरून, हा आक्षेप जुनाच आहे. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' ईश्वर सिद्ध करायलाच लिहिली, आणि त्यांच्या सगळ्याच युक्त्या मला पटतात असं नाही. पण साधारण आणि विशेष कारणांची ही वाटणी मला पटते. जो प्रत्येक यादीत आहे, त्याचं नाव कुठल्याही एका तक्रारीत घालता येत नाही. मी मारुतीला नमस्कार करतो आणि गुरगुरीचा आळ त्याच्यावर येऊ देत नाही. मेहुणा म्हणाला, "म्हणजे त्याला पेन्शनीत काढलात." म्हणेना का.

अदृष्टाशी मात्र माझं जमत नाही. पावसाळ्यात खांबाच्या ताणाच्या तारेत करंट उतरून आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचा बैल मेला. तारेत चिनीमातीचा इन्सुलेटरच नव्हता. "गुरुजी, माझाच बैल का?" नैयायिक सांगतील, ज्याचं त्याचं अदृष्ट. असेल. पण ते काढून-घालून तपासता येत नाही, इन्सुलेटर येतो. वाडीने अर्ज आधीच दिलेला होता, तो कुठेतरी पडून होता. बैल गेल्यावर पंचनामा झाला. म्हातारीने खांबापाशी नारळ फोडला. त्यानंतर आठवड्याच्या आत माणसं येऊन इन्सुलेटर बसवून गेली.

मी तिला म्हटलं, "आजी, अर्ज देत राहावेत, ते असे उपयोगी पडतात."

ती म्हणाली, "अर्ज तर आधीपासून होता ना? तवा कोण आला? नारल फोडला तवा आले."

अन्वय-व्यतिरेक तिनेही बिनचूक लावला होता. मध्ये बैल मेला होता, एवढंच मला तिला सांगावं लागलं.