बुलडॉगचा जबडा आणि देवाची योजना

आसा ग्रे हा हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ. डार्विनचा मित्र, त्याच्या सिद्धांताचा अमेरिकेतला खंदा वकील आणि तरीही श्रद्धाळू ख्रिस्ती. त्याने एक समेट सुचवला: निवड निसर्गाची असेल, पण त्यासाठी लागणारे बदल देवच हिताच्या दिशेने घडवून आणतो.

१८६८ मध्ये पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथाच्या शेवटी डार्विनने त्याला उत्तर दिलं, आणि त्यासाठी पुढे केला कुत्रा. माणसाच्या क्रूर करमणुकीसाठी बैलाला लोळवणारा जबडा कुत्र्याला मिळाला, हीसुद्धा ईश्वरी योजनाच म्हणायची का? इंग्लंडमध्ये हे खेळ १८३५ सालीच कायद्याने बंद झाले होते. बुलडॉग मात्र उरला. दोघांची मैत्री टिकली, समेट काही जमला नाही.

डार्विनला जनुकं ठाऊक नव्हती. ती दिसू लागल्यावर त्याचा प्रश्न अधिकच बोचरा झाला आहे. डॅक्सहुंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड या आखूड पायांच्या कुत्र्यांत एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत भलत्याच जागी बसलेली असते, हे २००९ मध्ये उघड झालं. पेशीतला आरएनए निरोप उलटा फिरून डीएनएत चिकटला. नकलनविसाने एका फायलीचा कागद दुसरीला लावावा, तसा. जर्मन शिकाऱ्यांना बॅजरच्या बिळात घुसणारा कुत्रा हवा होता, हा घोटाळा त्यांच्या पथ्यावर पडला. पण डॅक्सहुंडमध्ये याच जनुकाची आणखी एक भरकटलेली प्रत असते. तिच्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या अकाली कडक होतात. चकती सरकली की मागचे पाय लुळे पडू शकतात. हे हित नेमकं कुणाचं?

ग्रेला आज एक पुरावा हाती धरता आला असता. लहान चणीशी जोडलेलं आयजीएफ१ जनुकाचं रूप सायबेरियातल्या ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडलं आहे. म्हणजे चिमुकल्या चिवावा कुत्र्याचं सामान आधीपासूनच भरून ठेवलेलं! मात्र तेच रूप कोल्ह्यांतही आहे, आणि त्यांना कुणी मांडीवर घेऊन बसत नाही. अडगळीत तुळई सापडली म्हणून ती आपल्याच माडीसाठी ठेवली होती, असं होत नाही.

हेतू शोधायचाच तर तो पैदास करणाऱ्याच्या वहीत सापडतो, आणि तिथे जाबही विचारता येतो. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर स्पॅनियल यांची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरवरची बंदी कायम केली. बुलडॉग त्याआधी अपिलातच सुटला होता.